क्षयजंतूचं कूळ, मूळ आणि खोड

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहिल्या. हातात घड्या घालून घालून मऊ पडलेला एक कागद. "भाऊजी, जरा बघता का? एका ओळीत 'डिटेक्टेड' लिहिलंय आणि खालच्या ओळीत 'नॉट डिटेक्टेड'. मग आमच्या धाकट्याला टीबी झालाय की नाही झालाय?"

झालाय. पण खालची ओळ वाचून मी म्हणालो, "बसा आधी. वाईटातली चांगली बातमी आहे."

वरच्या ओळीचा अर्थ, बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले. खालच्या ओळीचा अर्थ, त्या जंतूंमध्ये रिफाम्पिसिन या औषधाला दाद न देण्याची खूण सापडली नाही. म्हणजे नेहमीच्या सहा महिन्यांच्या गोळ्या लागू पडायची शक्यता चांगली. या खालच्या ओळीसाठी यंत्राने जंतूच्या जनुकांचा एक तुकडा वाचलेला असतो, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

मी डॉक्टर नाही. माझी नोकरी प्रयोगशाळेत बेडक्याच्या डब्या उघडण्यात गेली. त्यामुळे गल्लीतले असले कागद फिरत फिरत माझ्याकडे येतात. आणि दर वेळी लक्षात येतं की 'जंतूची जात काढली' असं म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतात. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. क्षयजंतूचं मात्र दोन्ही शोधतात, आणि वर तिसरी गोष्ट शोधतात ती त्याची खोड. कूळ म्हणजे तो कोणत्या घराण्यातला. मूळ म्हणजे तो या माणसाकडे आला कुठून. खोड म्हणजे कोणत्या औषधाला तो जुमानत नाही. रुग्णाच्या दृष्टीने यातली सगळ्यात महत्त्वाची खोड, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

आमच्या उमेदीच्या काळात ही खोड कळायची कशी, तर जंतू वाढवून. बारीक बाटलीत अंड्याचं मिश्रण तिरपं थिजवायचं, त्यात मॅलाकाइट ग्रीन असल्यामुळे ते पिस्ता बर्फीसारखं फिकट हिरवं दिसतं. त्यावर बेडका पेरायचा आणि उबेत ठेवून द्यायचा. बाकीचे कितीतरी जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, क्षयाचा जंतू त्याला जवळपास अख्खा दिवस घेतो. त्यामुळे पहिले तीन आठवडे बहुधा काहीच दिसत नाही. मग एखाद्या सकाळी त्या हिरव्यावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे खरबरीत, मळकट पिवळे ठिपके दिसतात. कधी कधी आठ आठवडे वाट बघावी लागते. त्यानंतर औषध मिसळलेल्या बाटल्यांत तेच जंतू पुन्हा पेरायचे आणि कोणत्या बाटलीत उगवतात ते बघायचं. तोवर रुग्ण कदाचित लागू न पडणाऱ्या गोळ्या घेत असतो आणि घरात खोकत असतो. निकालाचा कागद तयार झाला आणि घ्यायला कोणी उरलंच नाही, असंही घडलेलं मी पाहिलंय.

जनुक वाचण्याने ही वाट बघणं वाचलं. क्षयजंतूच्या डीएनएत साधारण ४४ लाख अक्षरं असतात, चारच अक्षरांच्या बाराखडीत लिहिलेली. पानाला दोन हजार अक्षरं धरली तर बावीसशे पानांचा ग्रंथ होईल. १९९८ साली हा ग्रंथ पहिल्यांदा संपूर्ण वाचून झाला. यात फार बदल होत नाहीत. एका जंतूची पुढची पिढी, त्याच्या पुढची, असं मोजत गेलं तर दोन-तीन वर्षांत कुठेतरी एखादं अक्षर बदलतं. पण ते नेमकं मोक्याच्या जागी बदललं तर औषध निकामी. पुस्तकी मराठीत याला उत्परिवर्तन म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे म्यूटेशनच म्हणतात.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. औषधामुळे जंतू बदलत नाही. बदललेले जंतू आधीच गर्दीत असतात. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णात दहा कोटी ते शंभर कोटी जंतू सहज असतात. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक निघतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि हे उरलेले मोकळ्या रानात वाढतात. ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची गाजलेली चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात हे ढळढळीत दिसलं. सहा महिन्यांत नुसती विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४ जण गेले, औषध मिळालेल्या ५५ पैकी फक्त ४. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा दोन्हीकडे निम्म्याहून जास्त माणसं गेलेली होती. जंतूंची खोड औषधाला पुरून उरली होती. आज सुरुवातीला चार औषधं एकत्र देतात ती यासाठी. दोन औषधांना एकदम चुकवणारा जंतू निघायची शक्यता दहा लाख गुणिले दहा कोटींत एक, आणि एवढे जंतू कुणाच्याच फुप्फुसात मावत नाहीत.

आता वहिनींच्या कागदावरची ती खालची ओळ. जंतूच्या आरपीओबी नावाच्या जनुकात ८१ अक्षरांचा एक छोटा पट्टा आहे. रिफाम्पिसिन जंतूच्या ज्या यंत्राला जाऊन चिकटतं, त्याच्या खाचेचा आराखडा या पट्ट्यात असतो. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जंतूंमध्ये बिघाड याच ८१ अक्षरांत सापडतो. बावीसशे पानांपैकी दीड-दोन ओळी वाचल्या की काम होतं! सरकारी दवाखान्यात ज्याला सीबीनॅट म्हणतात ते यंत्र नेमकं एवढंच करतं. बेडक्यात औषधी द्राव मिसळून पंधरा मिनिटं ठेवतात, पिचकारीने कार्ट्रिज नावाच्या बंद डबीत ओततात, कार्ट्रिज खणात सरकवतात. आत पाच प्रोब, म्हणजे पाच चिमटे समजा, त्या पट्ट्याच्या पाच भागांवर बसायला बघतात. पाचही बसले तर अक्षरं जागच्या जागी आहेत. एखादा बसला नाही तर तिथलं अक्षर बदललंय. दोन तासांच्या आत उत्तर. जागतिक आरोग्य संघटनेने या यंत्राला डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. आपल्याकडचं ट्रूनॅट त्याच धर्तीचं काम करतं, बॅटरीवर चालतं आणि छोट्या आरोग्य केंद्रातही राहतं. ते बनतं गोव्यात.

"मग निश्चिंत ना आता?" वहिनींनी विचारलं. मी मान हलवली, पण अर्धीच. त्या कागदावर आयसोनियाझिडबद्दल चकार शब्द नव्हता.

साध्या कार्ट्रिजचं हेच आहे, ती फक्त रिफाम्पिसिनचं सांगते. भारतात २०१४ ते २०१६ या काळात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाची देशभर पाहणी झाली. पहिल्यांदाच क्षय झालेल्या शंभरांत सुमारे अकरा जणांचे जंतू आयसोनियाझिडला दाद देत नव्हते, आधी उपचार घेतलेल्या शंभरांत पंचवीस जणांचे. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्ही निकामी, म्हणजे एमडीआर, हे प्रमाण नव्यांमध्ये तीनच्या आत आणि जुन्यांमध्ये बाराच्या आसपास. आकड्यांतला फरक बघा. कितीतरी जणांची खालची ओळ 'नॉट डिटेक्टेड' असते, पण चारातली एक गोळी वाया जात असते.

म्हणून नमुना पुढे एलपीए तपासणीला जातो. यात एका अरुंद पट्टीवर आडव्या रेघा उमटतात. मूळ अक्षराची रेघ गायब आणि बदललेल्या अक्षराची उमटली, की खोड पक्की. आयसोनियाझिडसाठी ही पट्टी मुख्यतः दोन ठिकाणं बघते, आणि तिथे जरा थांबण्यासारखं आहे. पहिलं ठिकाण कॅटजी. आयसोनियाझिड गोळीत असतं तेव्हा निरुपद्रवी असतं. जंतूचंच कॅटजी नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला धार लावतं आणि मग ते जंतूला मारतं. कॅटजीत ठरावीक जागी अक्षर बदललं की धार लागणंच बंद, गोळी वाढवूनही फारसा उपयोग नाही. दुसरं ठिकाण आयएनएचए, म्हणजे औषध जिथे घाव घालतं ती जागा. इथल्या नेहमीच्या बदलाने जंतू त्या घावाचं लक्ष्यच जास्त प्रमाणात बनवू लागतो. मग औषध कमी पडतं, पण जास्त मात्रेत चालू शकतं. मात्र याच बदलाने इथिओनामाइड हे दुसरं औषधही निकामी होतं, कारण तेही तिथेच घाव घालतं. दोन्हीकडे निष्कर्ष 'आयसोनियाझिड रेझिस्टंट' असाच, पण डॉक्टरचा निर्णय वेगळा. नुसत्या बाटलीत जंतू उगवून एवढं बारीक सहज कळलं नसतं.

खोड वेळेत कळण्याने किती फरक पडतो, हे जगाच्या आकड्यांतच आहे. साध्या क्षयाचे शंभरातले सुमारे अठ्ठ्याऐंशी रुग्ण उपचाराने बरे होतात. एमडीआरचे अलीकडच्या नोंदींनुसार अडुसष्ट, आणि काही वर्षांपूर्वी जेमतेम छप्पन्न होते. तेव्हा दीड-दोन वर्षांचा उपचार असे, त्यात कितीतरी महिने रोज कंबरेत इंजेक्शन, आणि बऱ्याच जणांना त्यातून कायमचं कमी ऐकू येई. आता बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशी चार औषधं सहा महिने, सगळ्या गोळ्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या चौकडीने शंभरातले एकोणनव्वद बरे झाले, जुन्या उपचाराने बावन्न. भारताने २०२४ मध्ये तिला परवानगी दिली. पण या चौकडीतल्या मॉक्सिफ्लॉक्सासिनला न जुमानणारा जंतू मुंबईत ढिगाने सापडतो, त्यामुळे इथेही आधी जनुक बघावंच लागतं. बेडाक्विलिनला चुकवणारे बदल तर जनुकात इतके विखुरलेले आहेत की दोन ओळी वाचून भागत नाही, बरीच पानं वाचावी लागतात. कोणता अक्षरबदल कोणत्या औषधाला नडतो याची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ३८ हजारांहून जास्त जंतूंवरून काढली, २०२३ साली ५२ हजारांहून जास्त जंतूंवरून सुधारली.

यंत्र जिथे बघतं तिथे खोड नसेल तर यंत्र फसतं. आफ्रिकेतल्या छोट्या एस्वातिनी देशात, तेव्हाच्या स्वाझीलँडमध्ये, हे घडलं. तिथल्या २००९च्या पाहणीतल्या एमडीआर जंतूंपैकी तब्बल तीस टक्क्यांमध्ये आरपीओबीचा बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर होता. कार्ट्रिज म्हणणार 'नॉट डिटेक्टेड', आणि रिफाम्पिसिन घेत रुग्ण खंगत जाणार. जंतूने यंत्राला पाहून काही डाव रचला नव्हता. पण तपासणी ज्याला पकडत नाही तो निवांत पसरतो, एवढंच. उलटी फसगतही होते. डीएनए मेलेल्या जंतूचाही वाचला जातो. उपचार नीट चालू असलेल्या माणसाची सीबीनॅट पुन्हा केली तर 'डिटेक्टेड' येऊ शकतं आणि घरात रडारड होते. उपचार चालू असताना म्हणूनच बेडका सूक्ष्मदर्शकाखाली किंवा कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून, बघतात, कार्ट्रिजने नाही.

आता मूळ. क्षय बरा होऊन दोन वर्षांनी परत झाला की पहिला संशय येतो तो रुग्णावर: गोळ्या चुकवल्या असणार. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनजवळच्या वस्त्यांत बरे होऊन पुन्हा आजारी पडलेल्या १६ जणांचे आधीचे आणि नंतरचे जंतू शेजारी शेजारी ठेवून जनुकीय ठसे जुळवले. १६ पैकी १२ जणांमध्ये दुसऱ्या वेळचा जंतू वेगळाच निघाला. १९९९ साली हे छापून आलं. म्हणजे जुना उपचार फसला नव्हता, माणसाला नव्याने लागण झाली होती. नंतर चेन्नईच्या क्षय संशोधन केंद्राने असंच बघितलं. एचआयव्ही असलेल्यांमध्ये दुसरी खेप बहुतेक वेळा नव्या लागणीची होती, एचआयव्ही नसलेल्यांमध्ये बहुतेक वेळा जुनाच जंतू उलटला होता. कागदावर दोन्हींना 'रिलॅप्स' म्हणतात. पण पहिल्यात वस्तीतली हवा बघायला हवी, दुसऱ्यात गोळ्या. एवढी वर्षं रुग्णांना सरसकट जे सुनावलं गेलं त्यातलं निम्मं तरी परत घ्यायला हवं, असं माझं आपलं मत.

हे ठसे पूर्वी जेलवर काढायचे. आयएस ६११० नावाचा एक छोटा तुकडा डीएनएत किती ठिकाणी आहे त्याच्या पट्ट्या मोजायच्या. युरोपात हे छान चाललं. दक्षिण भारतात अडलं, कारण इथल्या बऱ्याच जंतूंमध्ये तो तुकडा एकदाच असतो, काहींत नसतोच. सगळ्यांचा ठसा एकसारखा दिसला तर ओळखायचं कसं? आता अख्खा ग्रंथ वाचता येतो. इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या अभ्यासाने त्याचं गणित दिलं: दोन रुग्णांच्या जंतूंत पाच किंवा कमी अक्षरांचा फरक असेल तर लागण अलीकडची, बारापेक्षा जास्त असेल तर या दोघांचा थेट संबंध बहुधा नाही.

मूळ शोधल्याने उपचाराचा निकाल कसा उलगडतो याचं सगळ्यात भेदक उदाहरण टुगेला फेरीचं. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतातलं खेड्यातलं रुग्णालय. तिथे ५३ जणांमध्ये जवळपास कुठल्याच औषधाला दाद न देणारा क्षय सापडला. ५२ जण गेले. बेडका दिल्यापासून मृत्यूपर्यंतच्या दिवसांचा मध्य काढला तर सोळा. कल्चरचा निकाल यायच्या आधीच माणूस संपत होता. एचआयव्हीसाठी ज्यांची तपासणी झाली ते सगळे बाधित होते, हेही त्यामागे होतंच. पण निम्म्याहून जास्त जणांनी क्षयाची एकही गोळी आयुष्यात घेतली नव्हती. मग खोड आली कुठून? ४६ जंतूंचे ठसे काढले, ३९ एकाच साच्यातले निघाले. बहुतेक रुग्ण अलीकडेच रुग्णालयात राहून गेले होते. खोडसाळ जंतू तयारच त्यांच्या श्वासात गेला होता. पुढे त्या प्रांतातल्या जंतूंचे संपूर्ण जीनोम, म्हणजे अख्खे ग्रंथ, वाचून मागे मागे हिशेब लावला तेव्हा त्या वंशातला पहिला बिघाड, तोच कॅटजीतला, १९५०च्या दशकाच्या अखेरीचा ठरला. एकेक औषध येत गेलं तशी एकेक खोड त्यावर चढत गेली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे तर जंतू मेला तरी खोड वारसाने पुढे गेली.

राहिलं कूळ. क्षयजंतूंची काही मोठी घराणी आहेत, शास्त्रज्ञ त्यांना नुसते क्रमांक देतात. दक्षिण भारतात पहिल्या घराण्याचं प्राबल्य, उत्तरेत तिसऱ्याचं. मुंबईत अर्थातच सगळे, लोकलच्या डब्यासारखे. दुसरं घराणं पूर्व आशियातलं, त्यातल्या प्रसिद्ध शाखेला बीजिंग म्हणतात. मुंबई परिसरातल्या एमडीआर जंतूंचे जीनोम वाचले तेव्हा हेच पाहुणं घराणं तिथे वरचढ निघालं. बीजिंग शाखेत औषधांना न जुमानणं जास्त आढळतं आणि काही ठिकाणी आजार उलटण्याचं प्रमाणही जास्त दिसलंय. पहिलं घराणं तुलनेने संथ पसरतं. हे सगळं खरं. तरी डॉक्टर रुग्णाचं औषध कूळ बघून ठरवत नाहीत, आणि बरोबरच करतात. टुगेला फेरीचा तो जंतू बीजिंगचा नव्हता, चौथ्या, युरोप-अमेरिकेत मुरलेल्या घराण्यातला होता. आणि बीजिंगचा साधा जंतू असेल तर नेहमीच्या गोळ्यांनी बहुतेक जण बरे होतात.

जंतूच्या अक्षरांत इतकं गुंतलं की माणूस विसरतो. २०२३ साली झारखंडमधल्या अभ्यासात रुग्णांना दरमहा धान्य आणि पूरक आहार दिला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं त्यांच्यातला मृत्यूचा धोका साठेक टक्क्यांनी कमी दिसला. जंतूचं जनुक वाचणारं यंत्र लाखांचं असतं. वजनकाटा भंगारवाल्याकडेही मिळतो.

वहिनींच्या मुलाच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी वहिनी घाबऱ्याघुबऱ्या आल्या, लघवी लाल होतेय म्हणून. रिफाम्पिसिनचा रंग तो, गोळी पोटात गेल्याची पावतीच. एलपीएची पट्टी पुढच्या आठवड्यात आली. रिफाम्पिसिन ठीक, पण कॅटजीची मूळ रेघ गायब. डॉक्टरांनी आयसोनियाझिड काढून त्याजागी लेव्होफ्लॉक्सासिन घातलं, बाकी तीन औषधं तीच, मुदत सहा महिने. पट्टी काढली नसती तर त्या मुलाचं एक औषध कित्येक महिने वाया जात राहिलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं.

पहिल्या महिन्यात काट्यावर त्रेचाळीस किलो होता, परवा सत्तेचाळीस. वहिनी आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितात.